फिती काढत येणारी

आमच्या खेळात सगळ्यांत शेवटच्या माणसाच्याही मागे एक माणूस असतो. त्याला स्वीप म्हणतात. डोंगरातली शर्यत असली की संयोजक आदल्या दिवशी वाट दाखवायला झाडाझुडपांना, कुठे कुंपणाच्या तारेला, कुठे विजेच्या खांबाला केशरी फिती बांधून ठेवतात. पळणारे त्या फिती बघत पुढे जातात. सगळ्यांत शेवटी जो रखडत चाललेला असतो, त्याच्या मागून हा स्वीप येतो आणि एकेक फीत तोडून पिशवीत टाकतो. तो पुढे सरकला की मागे वाट अशी काही उरत नाही, नुसता डोंगर उरतो.

स्वीपचा नियम सोपा आहे. त्याने ठरलेल्या चालीने चालायचं, म्हणजे वाटेतलं पाण्याचं प्रत्येक टेबल बंद व्हायच्या वेळेला तो तिथे पोचतो. तो तुमच्या मागे आहे तोवर तुम्ही शर्यतीत आहात. तो तुम्हाला ओलांडून पुढे गेला की तुमची शर्यत संपली, मग गुपचूप गाडीत बसायचं. यात कोणी कोणावर रागावत नाही की वाद घालत नाही. हे सगळं एवढं फोड करून सांगते आहे, कारण माझी शेवटची शर्यत याच नियमावर गेली.

अल्ट्रा म्हणजे मॅरेथॉनहून लांब पळणं. बेचाळीस किलोमीटर पळूनही ज्यांची खोड मोडत नाही अशा लोकांचा हा उद्योग. मी त्यात पडले तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती. मी नाशिकच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, म्हणजे पोरांना गप्प बसवण्याचा पगार घेते. मुलगी नोकरीसाठी बंगलोरला गेली, घर एकाएकी मोठं वाटायला लागलं, आणि शेजारच्या बाईंच्या नादाने मी जॉगिंग ट्रॅकवर जाऊ लागले. शेजारच्या बाई आठवड्याभरात थंडावल्या. मी काही थांबले नाही. नवरा सुरुवातीला विचारायचा, "कुत्रं मागे लागलंय का तुझ्या?" पुढे त्याने विचारणं सोडलं आणि सकाळचा चहा स्वतः करायला शिकला. माझ्या पळण्याने आमच्या संसाराचा झालेला एवढाच फायदा.

ट्रॅकवरून मी एका ग्रुपमध्ये गेले. तिथे सगळे एकमेकांना सर आणि मॅडम म्हणतात. सर म्हणजे कोणी दातांचे डॉक्टर, कोणी अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर, कोणी नुसतेच रिटायर. रविवारी पहाटे त्र्यंबक रोडने लांब पळायचं आणि परत येताना घामेजलेल्या कपड्यांनी मिसळ खायची. रोज सकाळी ग्रुपवर उगवत्या सूर्याचं चित्र आणि त्याखाली हार मानू नका असा उपदेश. मला त्या उपदेशांचा पहिल्यापासून तिटकारा होता. पण माणसं गोड होती, हे नाकारत नाही. इतर जगात पायाचं नख काळं पडून गळालं तर लोक हळहळतात, आमच्यात अभिनंदन करतात. कोणाला कुठे काय टोचतं, कुठली शीर धरते, याच्यावर आम्ही तासन्‌तास बोलू शकतो. कोणाच्या घरी काय बिनसलंय ते मात्र वर्षानुवर्षं कळत नाही. बिनसलेलं असतं बहुतेकांच्या घरी. त्याशिवाय भल्या पहाटे अंथरूण सोडून कोण डोंगरात पळत सुटेल?

आणि आमचं एक ठरलेलं सांत्वन आहे. कोणाची शर्यत फसली, कोणी अर्ध्यात गाडीत बसलं, की बाकीच्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायचं, "पुढच्या वर्षी!" या दोन शब्दांवर आमचा अख्खा खेळ उभा आहे. डोंगर कुठे पळून जात नाही, पुढच्या वर्षी पुन्हा ये. मीही कितीजणांना हे म्हटलं असेल. ज्याला पुढचं वर्ष नाही त्याला काय म्हणायचं, ते आमच्यात कोणी शिकवत नाही.

माझी जोडीदारीण मला याच ग्रुपमध्ये भेटली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, सासर दिंडोरीकडचं, द्राक्षबागायतदारांचं मोठं घर. मुलांच्या शाळेसाठी ती नाशिकला फ्लॅटमध्ये राहायची आणि छाटणीच्या, तोडणीच्या दिवसांत गावाकडे धावायची. पहिल्या दिवशी ती पंजाबी ड्रेस घालून, ओढणी कमरेला बांधून पळायला आली होती. कोणीतरी हसलं. मी त्या हसणाऱ्याकडे ग्रंथालयातल्या नजरेने पाहिलं आणि तो गप्प झाला. तेव्हापासून ती माझ्याबरोबर पळू लागली.

पाच-सहा वर्षं आम्ही दोघी बरोबर पळालो. सोमेश्वरपर्यंत, गंगापूर धरणाच्या कालव्याच्या रस्त्याने, पांडवलेणीच्या पायऱ्यांवर, थंडीत दिंडोरी रोडने दोन्हीकडच्या बागांच्या मधून. ती मला ताई म्हणायची आणि शेवटपर्यंत अहो-जाहो करायची. मी किती वेळा सांगितलं, अगं तू म्हण. तर म्हणायची, "नको ताई, तोंडात नाय बसत." तिच्या घरी तसंच होतं. मोठ्यांच्या आधी ताटावर बसायचं नाही. मोठ्यांच्या पुढे चालायचं नाही. तिच्या थोरल्या जाऊबाई दार ओलांडायच्या आधी ही कधी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसे. हे ती मला गंमत म्हणून सांगायची आणि मीही गंमत म्हणून ऐकायचे.

पळताना आम्ही सगळं बोललो. तिचा नवरा, माझा नवरा, माझ्या मुलीचं न होणारं लग्न, तिची एक गेलेली मुलगी, जिच्याबद्दल घरात कोणी बोलत नसे. हे सगळं रस्त्याकडे बघत बोललं गेलं. समोरासमोर आम्ही कधी बसलो नाही, एकमेकींच्या घरी गेलो नाही. तिचा चेहरा आठवायचा म्हटलं तर मला तिचा आवाज आठवतो, तोही उजव्या कानाशी, किंचित मागून. कारण ती नेहमी माझ्या अर्धं पाऊल मागे असायची. चढावर मी म्हणायचे, "चल गं, सोडायचं नाही." ती म्हणायची, "हो ताई." मला आपलं वाटायचं, मी तिला ओढून नेते आहे. या वाटण्याने मी किती सुखात होते ते आता सांगवत नाही.

त्र्यंबकच्या डोंगरातली ती पन्नास किलोमीटरची शर्यत मला एकदा पुरी करायची होती. अंजनेरीच्या पायथ्याशी सुरू होते, ब्रह्मगिरीच्या मागच्या अंगाने मोठा वळसा घालते आणि परत तिथेच येते. नाशिकमध्ये राहून ज्याने ती केली नाही त्याला आमच्यात अल्ट्राचा म्हणत नाहीत. तसं तोंडावर कोणी म्हणत नाही, पण मिसळ खाताना कोण कुठल्या टेबलावर बसतं त्यावरून कळतं. पहिल्या खेपेला मी धुक्यात वाट चुकले. दुसऱ्या खेपेला शेवटच्या टेबलापाशी थोडक्यासाठी वेळ संपली. दोन्ही वेळा पाठीवर थापा पडल्या, पुढच्या वर्षी, मॅडम!

मग गुडघा गेला. एकदम नाही गेला, हळूहळू गेला. आधी पायऱ्या उतरताना, मग खुर्चीतून उठताना, मग नुसतं झोपल्या झोपल्या. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "गादी राहिलेली नाही. चाला हवं तितकं. पळणं आता बंद." मी विचारलं, "कायमचं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की ही बाई पन्नाशीत असा प्रश्न कसा काय विचारते. बाहेर येऊन मी रिक्षात बसले आणि रडले. रिक्षावाल्याने आरशात बघून वेग कमी केला. त्याला वाटलं असणार, कोणी तरी गेलं.

हे मी ग्रुपवर सांगितलं नाही, नवऱ्याला अर्धवट सांगितलं, तिला मात्र सगळं सांगितलं. एक शेवटची खेप करते, म्हटलं. ही पन्नासची. त्यानंतर बूट देऊन टाकीन कोणाला तरी. कुंभमेळ्याच्या कामाने रस्ता उकरून ठेवला होता, आम्ही खड्ड्यांच्या कडेने चाललो होतो. मग ती म्हणाली, "मग यंदा मी पळत नाय, ताई. मी स्वीप करते. शर्यतवाल्यांना कोणी तरी पाहिजेच हाय. तुमच्या मागंच असेन."

मला इतकं बरं वाटलं, की ती स्वतः त्या शर्यतीत नाव घालणार होती हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

शर्यतीच्या सकाळी मी घड्याळ गाडीतच काढून ठेवलं. मागच्या वेळी घड्याळानेच माझा जीव घेतला होता. दर थोड्या वेळाने मनगटाकडे बघायचं, हिशोब करायचा, घाबरायचं, वेग वाढवायचा आणि पायात गोळे आणायचे. यंदा तिला म्हटलं, "तू मागे आहेस ना, मग घड्याळ कशाला? तू दिसली नाहीस पुढे, की मी वेळेत." ती हसली. हा आमच्या लोकांचाच वेडेपणा. बाहेरच्या कोणाला सांगितलं तर म्हणेल, मोबाइल होता ना पिशवीत, वेळ बघायची. पण शर्यतीत आपण ठरवतो एक आणि त्याला देवाच्या शपथेसारखं धरून बसतो. डोंगरामागे मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून तो मी पिशवीच्या तळाशी घातला होता. दिवसही ढगाळ होता. ऊन असतं तर सावल्या तरी काही बोलल्या असत्या.

पहिले दोन-तीन तास छान गेले. गुडघ्याला पट्टा होता, पोटात गोळी होती. परतीचा पाऊस नुकताच सरला होता, खाचरांत भात पोटरीला आलेला, बांधावर खेकड्यांची भोकं, उतारावर सोनकीची पिवळी फुलं. बाकीचे सगळे कधीच पुढे निघून गेले होते. मी शेवटची होते, त्याचं मला काहीच वाटत नव्हतं. शेवटचं यायचं, पण पुरं करून यायचं. मागून तिच्या फीत तोडण्याचा आवाज यायचा, चर्र. थोड्या वेळाने पुन्हा, चर्र. माझ्यामागे वाट गुंडाळली जात होती आणि ती गुंडाळणारं माझंच माणूस होतं. इतकं सुरक्षित मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या चढावर गुडघा बोलायला लागला. चार पावलं टाकायची, दगडाला हात लावून उभं राहायचं, पुन्हा चार पावलं. मी थांबले की कान मागे लावायचे. आवाज जवळ आला की समजायचं, वेळ संपत आली. पण आवाज जवळ येत नव्हता. मी थांबले की तोही थांबायचा, मी निघाले की थोड्या वेळाने चर्र. मी मनात म्हटलं, वा, म्हणजे मी वाटते तितकी हळू नाही. स्वीपलासुद्धा मला गाठता येत नाहीये. खरंच सांगते, त्या चढावर, तसल्या गुडघ्याने, मी खूश होते.

वर सपाटीवर एक पाडा लागला. दोन बाया नागलीच्या शेतात बांधाशी बसल्या होत्या. त्यातली म्हातारी म्हणाली, "सकाळपासून पळत्यात सगळी. काय हरवलं हाय का कुणाचं?"

मी म्हटलं, "नाही आजी, शर्यत आहे."

"आन तुमी लयच मागं राहिल्या की."

"माझ्या मागे अजून एक आहे," मी तोऱ्यात सांगितलं.

म्हातारीने मागे पाहिलं आणि धाकटीला हसून म्हणाली, "तिला तर काय घाईच नाय. ती बघ खाली बसलीय."

मी वळून पाहिलं. खाली वळणापाशी ती दगडावर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. मला वाटलं, बुटातला खडा काढत असेल. मी हात केला. तिने हात केला आणि उठली. मी पुढे निघाले.

शेवटचं टेबल एका पाड्याच्या शाळेपाशी होतं. तिथून पुढे उतार आणि डांबरी रस्ता, मग शर्यत संपतेच. मागच्या खेपेला इथेच माझं संपलं होतं. शाळेचं पत्र्याचं छप्पर दिसलं तेव्हा मी पळायला लागले. पळणं कसलं, लंगडत उड्या मारणं. तोंडाने मोठ्याने म्हणत होते, आले, आले. तिथे जाऊन बघते तर टेबल नाही. केळ्यांच्या सालींनी भरलेलं पोतं तोंड बांधून ठेवलेलं, पाण्याचे रिकामे कॅन एकावर एक रचलेले, गवत तुडवलं गेलेलं. एक जीप उभी होती आणि तिचा ड्रायव्हर बोनेटला टेकून मोबाइलवर गाणी ऐकत होता.

"या मॅडम," तो म्हणाला. "केव्हाची वाट बघतोय. बसा."

"बसा काय? पाणी कुठे आहे? मला पुढे जायचंय."

"अहो, कटऑफची वेळ टळून तास झाला. टेबल गुंडाळून गेले ते."

"शक्यच नाही," मी म्हटलं. मला त्याचा राग आला. "स्वीप माझ्या मागे आहे. अजून मागे आहे. विचारा तिला."

"तेच तर," तो म्हणाला. "तिचीच वाट बघत होतो. ती अजून कशी आली नाय म्हणून."

मी वळले. ती शाळेच्या कुंपणापाशी उभी होती. हातातली पिशवी केशरी फितींनी गच्च भरून वर आली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिने कुंपणाला बांधलेली शेवटची फीत सोडवायला घेतली, तोडली नाही, गाठ सोडवत बसली.

"केव्हा संपली माझी?" मी विचारलं.

"दुसऱ्या चढावर. अर्ध्यातच."

"मग पुढे का नाही आलीस? तुझं कामच ते. पुढे आली असतीस तर मला कळलं असतं. मी खालूनच परत गेले असते, एवढी लंगडत आले नसते." माझा आवाज चढला होता. ड्रायव्हरने गाणं बंद केलं.

"ताई," ती म्हणाली, "मला तुमच्या पुढं जाववलं नाय."

तिला रडू येत होतं. मी तिच्याजवळ जायला हवं होतं. पण मला त्या क्षणी तिची दया आली नाही, फक्त संताप आला. तिने मला फसवलं म्हणून नाही. त्या चढावर मी खूश झाले होते, तो आनंद तिने मागे उभं राहून पाहिला, म्हणून. आणि लगेच दुसरा विचार आला, तो संतापाहून वाईट होता. मी विचारलं, "फक्त आजच?"

गाठ सुटली होती, तरी ती बोटं चालवत राहिली.

जीपमध्ये आम्ही मागच्या सीटवर बसलो, मध्ये ती पिशवी. अंजनेरीला पोचलो तर मंडपातले लोक टाळ्या वाजवायला लागले. आमच्यात शेवटच्यासाठी जोरात टाळ्या वाजवतात, गाडीतून उतरला तरी. संयोजकांनी माइकवर माझं कौतुक केलं, तीनदा आलेल्या मॅडम म्हणून. कोणी पाणी दिलं, कोणी खुर्ची. दातांच्या डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी, मॅडम!" मी हसले. मंडपात एवढी माणसं होती, त्यात पुढचं वर्ष नाही हे माहीत असलेली एकटी ती. ती एका कोपऱ्यात फिती मोजून परत करत होती, मान खाली घालून.

त्यानंतर ग्रुपवर मी बरेच दिवस होते. सूर्य उगवत राहिला, उपदेश येत राहिले. मी गुडघ्याचं सांगितलं तेव्हा एकदम पुष्कळ जोडलेले हात आले, लवकर बऱ्या व्हा आले, एकाने तेल सुचवलं, एकाने पोहणं. दोन दिवसांनी पुन्हा रविवारच्या पळण्याचं ठरलं आणि मी वर सरकत सरकत दिसेनाशी झाले. यात त्यांची काही चूक नाही. आम्ही एकमेकांचे होतो ते पळत होतो म्हणून. मिसळीला या हो, असं मला अजून बोलावतात. एकदा गेले होते. कोरड्या कपड्यांनी तिथे बसणं मला जमलं नाही.

द्राक्षं सुरू झाली तेव्हा ती माझ्या घरी आली. पहिल्यांदा. बागेतली पेटी घेऊन, नऊवारीतल्या सासूबाईंना खाली गाडीत बसवून. मी चहा टाकला. आम्ही समोरासमोर बसलो आणि दोघींनाही कळेना, बघायचं कुठे. इतक्या वर्षांत तिचा चेहरा असा समोरून, इतक्या जवळून मी पाहिला नव्हता. गालावर एक डाग होता, तो मला माहीत नव्हता. मी विचारलं, "छाटणी नीट झाली?" ती म्हणाली, "झाली." तिने विचारलं, "गुडघा?" मी म्हटलं, "आहे तसाच." मग पंखा फिरत राहिला. ज्या बाईला मी आयुष्यातलं सगळं सांगितलं होतं, तिच्याशी चहा संपेपर्यंत बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

ती उठायला लागली तेव्हा मी म्हटलं, "खरं सांग. इतकी वर्षं माझ्याबरोबर पळालीस. कधी एकदा तरी तुझ्या चालीने पळालीस का?"

"असं काय विचारता, ताई," ती म्हणाली. "मला बरं वाटायचं तुमच्याबरोबर."

ती खोटं बोलत नव्हती. पण माझ्या प्रश्नाचं ते उत्तरही नव्हतं. सासूबाईंनी खालून हॉर्न वाजवायला लावला आणि ती गेली. पेटीतली द्राक्षं गोड होती. मला ती खाववेनात, नवऱ्याने संपवली.

आता मी चालते. डॉक्टरांनी परवानगी दिली आहे तितकंच. कालव्याच्या रस्त्याने जाते आणि परत येते. चालण्यात काय वाईट आहे, असं सगळे म्हणतात, आणि काहीच वाईट नाही. मला ते अजिबात आवडत नाही, एवढंच. माणसाला आपलं शरीर आवडायला लागायला पंचेचाळीस वर्षं लागावीत आणि मग ते सहा-सात वर्षांत हातातून जावं, यात मला कुठला धडा दिसत नाही. लोक म्हणतात, आठवणी तरी आहेत ना. आठवणीच तर नासल्या. कुठलंही पळणं आठवलं, कुठलीही सकाळ, की मी आता तिच्या पावलांचा आवाज ऐकायचा प्रयत्न करते. ते तेव्हाही आखडून धरलेले होते का, हे मला आता कसं कळणार?

गेल्या आठवड्यात सकाळी कालव्यावर मागून पावलं ऐकू आली. वेगात येत होती, हलकी, एकसारखी. मी कडेला झाले. आणि जवळ आल्यावर ती पावलं मंद झाली. मी मागे न बघताच ओळखलं. उजव्या कानाशी, किंचित मागे, आवाज आला, "ताई."

दोघी तशाच चालत राहिलो. ती पळायच्या कपड्यांत, माझ्या चालीने. कालव्याचं पाणी सोडलेलं होतं. ती म्हणाली, यंदा त्र्यंबकच्या शर्यतीत नाव घातलंय. मी म्हटलं, चांगलं केलंस. ती म्हणाली, तुम्ही टेबलाशी थांबाल का, पाणी द्यायला? मी म्हटलं, बघू. ती अजून अर्धं पाऊल मागेच होती. मी थांबले तर थांबली. मला दुसरा चढ आठवला.

"जा," मी म्हटलं.

"राहू द्या ना, ताई. मला काय घाई नाय."

"जा पुढे. माझ्या मागे राहू नकोस. मला आता ते नको."

मग माझ्या बाजूने वळसा घालून, माझ्याकडे न बघता, ती पुढे गेली आणि पळायला लागली. तिची पाठ मी कधीच पाहिली नव्हती. ती पळते ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. टाच जमिनीला लागते न लागते, खांदे स्थिर, आणि काय वेग होता! इतकी वर्षं हे माझ्या मागे दाबून धरलं होतं तिने. बघता बघता ती निलगिरीच्या रांगेपर्यंत गेली, तिथून वळणावर, आणि दिसेनाशी झाली.

मी कालव्याच्या कठड्यावर बसले, पाय लांब केला. गुडघा ठणकत होता. सवयीने मी कान मागे लावले. मागे आता कोणीच नव्हतं.